दोनशे सात वगळून

ओकमीर गावातल्या 'नवा झरा' या ख्रिस्ती मंडळीच्या सभागृहात दर रविवारी साडेदहाला बावीसशे माणसं शांत बसतात आणि खालच्या मजल्यावरच्या पाळणाघरात त्यांची एकशे चाळीस मुलं रडतात. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध जोडण्यासाठी मंडळीने जी व्यवस्था उभारली तिचं अधिकृत नाव पालक-आवाहन प्रणाली. मूल आत सोडताना त्याच्या पाठीवर एक आकडा चिकटवायचा आणि तोच आकडा आईबापाच्या मनगटावर. मूल आवरेनासं झालं की पाळणाघरातल्या बाईने टॅबवर आकडा दाबायचा. मग वर सभागृहात, मोठ्या पडद्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात तो उमटणार. ज्याचा आकडा त्याने मुकाट उठून खाली जायचं.

हेच काम फोनवर निरोप पाठवून झालं असतं. पण त्याच वसंतात पास्टर क्रेग यांनी 'शांत रविवार' सुरू केला होता. दाराशी कापडी खिशांची भिंत उभी केली होती आणि आत येणाऱ्याने आपला फोन त्यात ठेवायचा होता. पास्टर स्वतः प्रवचन टॅबवरून वाचत. टॅब म्हणजे फोन नव्हे, असा खुलासा मंडळीच्या पत्रकात दोनदा आला होता. विचारलं कोणीच नव्हतं.

हा पडदा चालवायची ट्रिना हावेमान. गाण्यांच्या ओळी, प्रवचनातली वचनं, सूचनांच्या मागे हलणारी पानं आणि लाटा, सगळं तिचं. ती हे कुठल्या कॉलेजात शिकली नव्हती. नेलच्या वेळी दिवस गेले असताना स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, फुकटचे धडे बघत बघत शिकली होती. नेल आता अकरा महिन्यांची होती. नेलचा बाप मॉन्टानात होता आणि तिथे खूष होता.

नेलचा आकडा दोनशे सात. तिची एक खोड होती. रडायला लागली की आईखेरीज कोणाला ऐकायची नाही आणि सहाव्या मिनिटाला ओकायची. पाचव्या नाही, सातव्याही नाही. आता पाळणाघराचा नियम क्रमांक नऊ असा होता की जे मूल तीनदा ओकेल त्याची जागा वर्षभरासाठी रद्द. नेलच्या नावावर दोन ओकाऱ्या लागल्या होत्या. तिसरी लागली की नेल पाळणाघरातून बाहेर, आणि रविवारी पोर सांभाळायला दुसरं कोणी नसलेली ट्रिना पडद्याच्या खोलीतून बाहेर. एवढा सरळ मामला होता.

दोन्ही वेळा आकडा पडद्यावर होता. दोन्ही वेळा पडदा ट्रिनाच चालवत होती. आणि दोन्ही वेळा तिला तो दिसला नाही.

"अकरा वाजून चार मिनिटांनी मी आकडा दाबला," पाळणाघराच्या मुख्य बाई गर्ट झाउडेमा म्हणाल्या. त्या एकाहत्तर वर्षांच्या, गुडघ्याने अधू आणि आवाजाने धडधाकट. "अकरा दहाला तिने माझ्या बुटात ओकलं. तू उगवलीस अकरा चौदाला. वर करत काय होतीस, पोरी?"

"पडदा बघत होते."

"मग आकडा काय मी माझ्या घरच्या भिंतीवर लावला होता?"

दोष तिचा नव्हता, आकड्याचा होता. तो येऊन नुसता उभा राहायचा. स्थिर आकड्याकडे कोण बघतं? अर्ध्या लोकांना ते बाहेरचं तापमान वाटे. एक वृद्ध गृहस्थ सलग तीन आठवडे गीतांच्या पुस्तकात शहाऐंशी क्रमांक काढून बसले होते.

म्हणून ट्रिनाने आकडा लुकलुकवायचं ठरवलं. ज्या सॉफ्टवेअरमध्ये ती काम करी त्यात याला दोन वाटा असतात. एक म्हणजे दिसणं-न दिसणं हाताने ठोकत बसायचं. इथे शंभर, इथे शून्य, पुन्हा शंभर, पुन्हा शून्य, अशा खिळ्यासारख्या खुणा. दुसरी वाट म्हणजे एक्स्प्रेशन. लेयरला, म्हणजे चित्राच्या त्या थराला, एकच ओळ लिहून द्यायची, की बाबा, वेळ बघ, अर्ध्या वेळात दिस आणि अर्ध्या वेळात लप. मग ती लेयर जन्मभर तुम्हाला न विचारता तसं करत राहते. दर रविवारी सगळी येत नसली तरी पाळणाघराच्या पटावर तीनशे चाळीस मुलं होती, म्हणजे तीनशे चाळीस आकडे. ट्रिनाने ओळ एकदाच लिहिली, सगळ्यांना जोडली आणि वेग ठरवायला एक स्लायडर ठेवला. तो दोनवर आणला. सेकंदाला दोनदा. शनिवारी दुपारभर संगणकाने तीनशे चाळीस आकडे नव्याने तयार करून ठेवले.

पहिल्याच रविवारी जेना कायपर्स आपल्या मुलापाशी पन्नास सेकंदांत पोचली. नेल दुसऱ्या गाण्याला रडू लागली, आणि एक मिनिट वीस सेकंदांनी ट्रिना दारात. गर्टबाईंनी घड्याळाकडे बघितलं, स्वेटरच्या खिशातून पेपरमिंट काढून ट्रिनाच्या हातावर ठेवलं. प्रवचन सुरू होताना पेपरमिंट तोंडात टाकायची त्या गावात तीन पिढ्यांची पद्धत. पण गर्टबाई स्वतःचं दुसऱ्याला देत नसत. हा मोठा सन्मान होता.

व्यवस्था चालू लागली होती. त्यामुळे मंगळवारी उपसमितीची बैठक बोलावण्यात आली.

दृश्य-उपासना उपसमितीचे अध्यक्ष लाइल डायखाउस. ते एकतीस वर्षं ऑफिसच्या फर्निचरच्या कारखान्यात खुर्च्यांची तपासणी करत होते. खुर्चीवर यंत्राने एक लाख वेळा वजन आपटायचं आणि खुर्ची मोडली नाही की शिक्का मारायचा. त्या खुर्च्यांवर बसणाऱ्यांच्या पाठी मोडत, पण तो वेगळा विभाग होता. दुसऱ्या सदस्य मार्सिया पोस्टमा, वकील. तिसरे पास्टर क्रेग. ट्रिना माहिती देण्यापुरती. टेबलावर हॅमचे बन होते आणि कोणीतरी बदाम भरलेली गोड वळकटी भाजून आणली होती.

"आधी मी ट्रिनाचं कौतुक करतो," पास्टर म्हणाले. त्यावरून ट्रिनाला कळलं की काहीतरी गेलं. "रविवारी मी म्हणत होतो, आता सगळे मिळून शांततेत काय ऐकू येतं ते ऐकू या. आणि माझ्या खांद्यापाशी एकतीस, एकतीस, एकतीस. लोक हसले. मला आपण डावीकडे वळणारी गाडी झाल्यासारखं वाटलं."

"उजवीकडे," लाइल म्हणाले. "आकडा उजव्या कोपऱ्यात असतो. नोंदीसाठी."

"मला कायद्याची चिंता आहे," मार्सिया म्हणाल्या. "सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा लुकलुकणं काही लोकांना फिटचा झटका आणू शकतं. मार्गदर्शक तत्त्व आहे तसं."

"हे दोनदाच आहे," ट्रिना म्हणाली.

"आज दोनदा आहे. दोन हे तीनच्या वाटेवर आहे."

"ते वाढत नाही, मार्सिया. मी वाढवलं तरच वाढतं."

"म्हणजे वाढू शकतं," मार्सियांनी लिहून घेतलं.

ट्रिना म्हणाली, "आई पन्नास सेकंदांत पोचली. आधी दहा मिनिटं लागायची. हे कुठे लिहिताय का?"

लाइल यांनी सौम्यपणे चष्मा काढला. "हे बघ बाळ, पालक किती वेळात पोचतात हा पाळणाघर उपसमितीचा विषय. आमच्याकडे फक्त पडदा आहे. पडद्याकडून आम्ही एकच गोष्ट मोजतो, व्यत्यय."

ठराव असा झाला की आकड्याचा रंग बदलावा. मंडळीने त्याच वर्षी सगळं सभागृह ओटमीलच्या, म्हणजे ओट्सच्या लापशीच्या, फिकट रंगाचं करून घेतलं होतं. भिंती, गालिचा, खुर्च्या आणि पास्टरांचे स्वेटरसुद्धा. एका सल्लागार बाईंनी सांगितलं होतं की या रंगात माणसाच्या आत्म्याला मोकळं वाटतं. पडद्याची पार्श्वभूमीही ओटमील. आता आकडाही ओटमील, फक्त थोडा जास्त शिजलेला.

पुढच्या रविवारी जेना कायपर्सला पोचायला तीन मिनिटं लागली. ट्रिना अडीच मिनिटांत गेली, कारण ती गाण्याच्या ओळी सोडून कोपराच बघत बसली होती. तिसऱ्या गाण्याची दोन कडवी पडद्यावर आलीच नाहीत. बावीसशे लोकांनी 'ला ला' करून वेळ भागवली आणि नंतर अनेकांनी सांगितलं की इतकं मनापासून गाणं बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं.

पण त्यानंतरच्या मंगळवारच्या बैठकीत एका पालकाचं पत्र आलं होतं. टॉड नावाच्या या गृहस्थांनी लिहिलं होतं की मी प्रवचनात तीनदा कोपऱ्याकडे पाहिलं आणि तिन्ही वेळा तिथे काही नव्हतं. नंतर कळलं की माझा मुलगा तेव्हा रडत होता. आकडा नेमका मिटलेला असताना मी बघत असेन का?

"असेल का?" लाइल यांनी विचारलं.

आता ट्रिना इथे चुकली. खोटं बोलली असती तर पुढचं सगळं टळलं असतं. पण ती स्वतः शिकलेली होती, आणि स्वतः शिकलेल्या माणसाला कोणी खरंच प्रश्न विचारला की त्याला भरून येतं. तिने कागद ओढून काढून दाखवलं. सेकंदाला दोनदा म्हणजे पाव सेकंद दिसतो, पाव सेकंद लपतो.

लाइल बराच वेळ त्या लपलेल्या पाव सेकंदाकडे बघत राहिले. "म्हणजे आपण पालकांकडून निम्मा वेळ काढून घेतोय. कोणत्या ठरावाने?"

"लुकलुकणं म्हणजे तेच असतं, लाइल. मिटला नाही तर लुकलुकणार कसा?"

"आणि वेग वाढवला तर हा लपलेला तुकडा लहान होतो?"

"होतो, पण…"

"दहापट वाढवला तर दहापट लहान. म्हणजे कोणालाच थांबावं लागणार नाही. तो स्लायडर कुठपर्यंत जातो?"

"तीस. पण लाइल, ऐका माझं. पडदा सेकंदाला तीस चित्रं दाखवतो. आकडाही सेकंदाला तीसदा लुकलुकला तर पडदा ज्या ज्या क्षणी बघेल त्या त्या क्षणी आकड्याने डोळे मिटलेले असतील. तो दिसणारच नाही. एकदाही नाही."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. ट्रिनाला वाटलं, कळलं यांना.

"जे दिसत नाही त्याने झटका येत नाही," मार्सिया हळूच म्हणाल्या. "तीनचा नियम दिसणाऱ्या लुकलुकण्याला आहे. तीसला आपण पूर्ण सुरक्षित आहोत."

"आणि माझ्या खांद्यापाशी काही असणार नाही," पास्टर म्हणाले.

"असणार," लाइल म्हणाले. "ट्रिना, नीट सांग. सॉफ्टवेअरच्या आत तो आकडा लुकलुकत असेल की नाही?"

"आत लुकलुकेल. पण…"

"एवढंच हवं होतं." आणि इतिवृत्तात नोंद झाली: आकडा पूर्वीच्या पंधरापट वेगाने लुकलुकत असल्याची ट्रिना हावेमान यांनी खात्री दिली.

"त्यापेक्षा लुकलुकणं काढून टाका ना," ट्रिना शेवटी म्हणाली. "नुसता लावून ठेवा. जाड आणि काळा."

"ती जुनी पद्धत," लाइल म्हणाले. "सुधारणा केल्याचं पत्र आपण सगळ्यांना घरी पाठवलंय."

शनिवारी दुपारी ट्रिना संगणकासमोर बसली. स्लायडर तीसवर नेला. पडद्यावरचे तीनशे चाळीस आकडे एकदम विझले. कोपऱ्यात ओटमील राहिलं. तिला सहा मिनिटं आठवली, गर्टबाईंचा बूट आठवला, नियम क्रमांक नऊ आठवला. नेल शेजारी खुर्चीच्या पायाला चावत बसली होती. ट्रिनाने त्या एका ओळीच्या वर आणखी एक ओळ लिहिली. तिचा अर्थ असा: आकडा दोनशे सात असेल तर हा नियम सोड, सेकंदाला दोनदा लुकलुक.

तिने हे चोरून केलं असं म्हणता येणार नाही. तिला कोणी विचारलं नव्हतं, एवढंच.

पुढचे चार रविवार मंडळीच्या इतिहासात नोंदले गेले. व्यत्यय शून्यावर आला. पास्टर शांततेवर बोलले आणि शांतता झाली. शेजारच्या दोन गावांतल्या मंडळ्यांचे लोक पाहणीला आले आणि कोऱ्या कोपऱ्याचे फोटो काढून गेले. म्हणजे फोटो दारावरून फोन परत मिळाल्यावर काढले, नियम पाळून. खाली गर्टबाई आकडे दाबत राहिल्या.

"वर चाललंय काय?" त्यांनी ट्रिनाला गाठलं. दोन्ही खांद्यांवर एकेक पोर होतं, दोन्ही परक्यांची. "मी दाबते, कोणी येत नाही. तूच तेवढी धावत येतेस. बाकीच्यांचे पाय गळाले की काय?"

"वर शांतता आहे, गर्टबाई."

"असणारच. सगळा आवाज माझ्याकडे आहे."

या महिन्यात नऊ मुलांच्या तीन ओकाऱ्या भरल्या आणि त्यांच्या जागा रद्द झाल्या. अहवालात याची नोंद 'पाळणाघराच्या मागणीत समाधानकारक घट' अशी झाली.

आता हिशेब असा होता. पाळणाघरात दर रविवारी तीसचाळीस आकडे दाबले जात. पडद्यावर दिसे तो एकच. दोनशे सात. ओटमीलच्या रंगातसुद्धा सेकंदाला दोनदा लुकलुकलं की दिसतंच, आणि आजूबाजूला बाकी काहीच नसलं तर फारच दिसतं. दर रविवारी, दुसऱ्या गाण्याच्या सुमाराला, बावीसशे लोक बघत की दोनशे सात पुन्हा.

आधी बायकांनी मान हलवायला सुरुवात केली. मग कोणाच्या घरी दुःख झालं की देतात तसे ट्यूना मासा घातलेले कॅसरोल ट्रिनाच्या दाराशी येऊ लागले. एका आठवड्यात तीन. प्रत्येकावर फॉइल आणि चिठ्ठी: तुम्ही एकट्या नाही. प्रार्थनेच्या यादीत हृदयाची शस्त्रक्रिया झालेले दोघे आणि त्यांच्या वर 'दोनशे सात'. कॉफीच्या टेबलाशी जेना कायपर्सने तिचा हात धरून सांगितलं, "आमचाही आधी रडायचा गं. आता चार आठवडे झाले, एकदाही बोलावणं नाही. काढशील तूही हे दिवस."

ट्रिनाच्या जिभेवर आलं होतं. तिने कॉफी प्यायली.

पाचव्या मंगळवारी लाइल यांनी आलेख आणला. आलेखात एकच खांब होता आणि तो कागदाच्या वरून बाहेर गेला होता.

"गेल्या चार रविवारी पडद्यावर दिसलेल्या आवाहनांपैकी शंभर टक्के आवाहनं एकाच बालकाची आहेत," ते म्हणाले. "कारखान्यात आम्ही असा आकडा एकदाच पाहिला होता. तेव्हा ती एक खुर्ची काढून टाकली आणि बाकीचा माल उत्तम निघाला."

पास्टरांनी आवाज अगदी मऊ केला. "ट्रिना, घरी सगळं ठीक आहे ना?"

"घरी सगळं ठीक आहे. घरी कॅसरोल ठेवायला जागा नाही, बाकी ठीक."

"आम्ही दोष देत नाही. पण एका लहानग्यामुळे बाकी तीनशे एकोणचाळीस शांत मुलांच्या पालकांना त्रास होतोय. नियम नऊची वाटही बघायची गरज नाही, असं आमचं मत झालंय. दोनशे सातला पाळणाघरातून प्रेमाने मोकळं करावं. तुलाही रविवारची सुट्टी मिळेल. सगळे रविवार."

तर अशा रीतीने, सहा मिनिटं वाचवायला लिहिलेल्या ओळीने तिची पोर आणि तिचं काम दोन्ही घालवायची तयारी केली होती. ट्रिना उठली. भिंतीवरच्या पडद्याला आपला लॅपटॉप जोडला आणि ती ओळ मोठी करून दाखवली.

"ही बघा. सगळ्यांना वेग तीस. म्हणजे कोणीच दिसत नाही. दोनशे सात असेल तर वेग दोन. मुलं सगळी रडतायत. लाइल, तुमचा नातू गेल्या रविवारी पंचवीस मिनिटं रडला. पास्टर, तुमची जुळी गर्टबाईंच्या दोन खांद्यांवर असतात, म्हणून तिसरं मूल घेताच येत नाही. कोणी शांत नाहीये. फक्त माझीच दिसते, कारण मी तिला दिसू दिलं. आता मला काढायचं तर काढा, पण हे बघून काढा."

ट्रिनाला वाटलं, आता ओरडतील. तिने लॅपटॉपची वायर गुंडाळायला घेतली.

"हे लेखी कुठे आहे?" मार्सियांनी विचारलं.

"हे काय, समोर. ही ओळ."

"म्हणजे नियमात अपवादाची तरतूद आहे."

"तरतूद कसली? मी घुसवली."

"आहे की नाही, एवढंच मी विचारतेय." मार्सिया कपातल्या कॉफीकडे बघत होत्या. त्यांची नात खाली होती आणि तिच्या दोन ओकाऱ्या झाल्या होत्या. "त्या ओळीत एकच आकडा बसतो का?"

"कितीही बसतात."

"चौसष्ट," मार्सिया म्हणाल्या.

पास्टरांनी खिडकीबाहेर पाहिलं. "बारा आणि तेरा," ते हळूच म्हणाले. "मुख्यतः जेनेलच्या समाधानासाठी." जेनेल म्हणजे त्यांची बायको.

लाइल यांची मान ताठ राहिली. "नियम बदलता येणार नाही. नियम तीसच. पंधरापट सुधारणा झालीय, तिला हात लावायचा नाही." मग त्यांनी आलेखाची घडी घातली, पुन्हा उघडली. "एकशे पन्नास. पण ते नियमाच्या आत बसवून."

दोनशे सातला मोकळं करण्याचा ठराव मागे घेण्यात आला. तो एका खांबाचा आलेख मग चहाच्या किटलीखाली ठेवायला उपयोगी पडला.

गावात अशी गोष्ट किती दिवस लपते? पुढच्या रविवारी पाच आकडे लुकलुकले आणि ज्यांना वाचायचं त्यांनी ते बरोबर वाचलं. सोमवारी जेना कायपर्सचा फोन. "ट्रिना, तू म्हणे आकडे घालतेस." मग टॉड. मग रद्द झालेल्या नऊ मुलांचे आईबाप, त्यांना जागाही परत हवी होती आणि ओळही. लाइल यांनी तातडीने पद्धत आखून दिली, कारण पद्धतीशिवाय उपकार केला की त्याला वशिला म्हणतात. अपवादासाठी एक अर्ज. अर्जात कारण लिहायचं. सगळ्यांनी एकच कारण लिहिलं: आमची परिस्थिती वेगळी आहे. उपसमितीने प्रत्येक अर्ज स्वतंत्रपणे तपासला आणि प्रत्येकाची परिस्थिती वेगळी असल्याचं मान्य केलं.

ऑगस्ट संपता संपता ट्रिनाच्या त्या ओळीत तीनशे चाळीसच्या तीनशे चाळीस आकडे होते. सगळे सेकंदाला दोनदा लुकलुकत होते, पहिल्या रविवारी लुकलुकत होते अगदी तसेच. आया मिनिटाच्या आत पोचत. नेलला सात दात आले होते आणि तिसरी ओकारी झाली नव्हती. गर्टबाईंचा एक खांदा कधीकधी मोकळा असे. नियम मात्र जागेवर होता आणि त्याचा सगळ्यांना अभिमान होता. शेजारच्या गावांतल्या मंडळ्यांनी तो जसाच्या तसा उचलला. अपवादांची यादी त्यांनी मागितली नाही, कारण अशी यादी आहे हे त्यांना कोणी सांगितलं नाही.

त्याची सुद्धा एक अट झाली होती. अपवादाचा अर्ज मागणाऱ्याला द्यायचा, पण तो मिळतो असं स्वतःहून कोणाला सांगायचं नाही. सांगत सुटलो तर अपवादाला अपवाद कोण म्हणेल, असं लाइल यांचं म्हणणं. जो सांगेल त्याचा आकडा ओळीतून बाहेर. ट्रिनाने यावर सही केली होती. सगळ्यात वर, कारण तिचा आकडा पहिला होता.

सप्टेंबरात इंडियानाहून एक जोडपं राहायला आलं. ब्रियाना आणि नोआ ट्रॅपर, आठ महिन्यांचा ओवेन. त्यांना नवा आकडा मिळाला, तीनशे एक्केचाळीस. पाचव्या रविवारी उपासनेनंतर ब्रियाना पडद्याच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. हातात दोन कप कॉफी होती आणि तोंडभर हसू होतं.

"तुमचे कोणी आभार मानत नसेल म्हणून आले," ती म्हणाली. "इतकं छान चालवता तुम्ही सगळं. आधीच्या गावात आम्ही एक प्रवचन पूर्ण ऐकलं नाही. ओवेन ऐकायचाच नाही. इथे पाच रविवार झाले, एकदाही बोलावणं नाही. मी नोआला म्हटलं, या जागेतच काहीतरी आहे. माझ्या पोराला इथे शांत वाटतं."

ओवेन पहिल्या प्रार्थनेपासून शेवटच्या गाण्यापर्यंत रडायचा. गर्टबाईंच्या मोकळ्या झालेल्या खांद्यावर आता तोच होता. त्याच्या नावावर दोन ओकाऱ्या लागल्या होत्या. ट्रिनाला हे सगळं माहीत होतं. जिन्याच्या तोंडाशी लाइल कोट घालत उभे होते, ऐकू येईल इतक्या अंतरावर. ट्रिनाच्या कडेवर नेल होती आणि तिच्या पाठीवर दोनशे सात.

"साखर घालू का?" ब्रियानाने विचारलं.

"चालेल," ट्रिना म्हणाली. "भाग्यवान आहात. काही मुलं मुळातच शहाणी असतात."

तिथे तुम्ही असता तर ब्रियानाला सगळं सांगून मोकळे झाला असता, यात शंकाच नाही. फक्त आधी एकदा यादी काढून आपला आकडा तीत आहे ना, एवढं बघून घेतलं असतं.